मधलं पाणी

या वर्षात सतराव्या वेळी बाटलीच्या तळाशी गाळ बसला, तेव्हा ताई चिडलीसुद्धा नाही. चिडायलाही अंगात थोडा जोर लागतो. तिने बाटली उजेडासमोर धरली, हलवली. पोपटी गाळ उठला आणि पुन्हा सावकाश खाली बसला. वहीत तारीख घालून तिने पुढे एकच शब्द लिहिला, 'गाळ'. मागच्या पानावर तोच, त्याच्या मागच्या पानावरही तोच. एका शब्दाने वही भरत आली होती बिचारीची.

विभागातली पोरं तिला ताई म्हणायची ती वयामुळे. पोरं यायची, चार-पाच वर्षांत पीएच.डी. घेऊन निघून जायची, आणि ही एकोणचाळीस वर्षांची बाई त्याच टेबलाशी, त्याच खिडकीकडे तोंड करून सातवं वर्ष काढत होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती. दुसऱ्या वेळी कार्यालयातल्या बाईंनी अर्जावर शिक्का मारतामारता बजावलं होतं, "ही शेवटची हं. यानंतर नाव कमी होतं." त्या शेवटच्या मुदतीचे आता सव्वीस दिवस राहिले होते.

सगळं अडलं होतं एका खड्यावर. स्फटिक हा शब्द तिच्या आईला फार ऐटबाज वाटे, म्हणून ती खडाच म्हणायची. संध्याकाळी दार उघडलं की पहिला प्रश्न, "झाला का गं खडा?" जणू लेक रोज मुतखडा पाडायलाच घराबाहेर जाते!

आता हा खडा कसला, ते सांगायला हवं. दोन साधी रसायनं, एक अल्डिहाइड आणि एक अमाईन, अल्कोहोलात घालून तापवली की एकमेकांना जोडली जातात आणि पिवळाधमक पदार्थ तयार होतो. त्याला शिफ बेस म्हणतात. त्याच्या अंगावरचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन धातूच्या अणूला चारी बाजूंनी पकडून ठेवतात, कढई सांडशीत धरावी तसे. ताईच्या शिफ बेसला बाहेरच्या अंगालाही जास्तीचे ऑक्सिजन होते. तिने त्यात तांबं घातलं, आणि पहिल्याच वर्षी, पहिल्याच झटक्यात, बाटलीत तीन गडद हिरवे खडे उभे राहिले. कडा अशा धारदार की बघत राहावं. एक्स-रेखाली ठेवले तर आत तांब्याच्या चार अणूंचं गोल रिंगण, आणि रिंगणाच्या बरोबर मध्ये एकटाच एक ठिपका.

तो ठिपका कशाचा, हे तेव्हा तिला कळेना. सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, सज्जन माणूस, पण कायम घाईत. "पाणीच असणार," ते म्हणाले, "टाक ऑक्सिजन." तिने टाकला. विजेच्या भारांचा हिशेब एका हायड्रोजनने चुकत होता, तेव्हा एक हायड्रोजन गृहीत धरला. एक्स-रेला हायड्रोजन तसाही धड दिसत नाही, त्यामुळे सगळेच धरतात. 'पाण्याचा रेणू पोटात धरणारं चार तांब्यांचं रिंगण' असा छोटासा लेख छापून आला. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. प्रबंधाचं शीर्षकही तेच नोंदवलं गेलं.

आणि तिथून जी साडेसाती सुरू झाली! ते तीन खडे तपासण्यांमध्ये संपले. प्रबंध तपासणाऱ्या समितीने सांगितलं, चुंबकत्व मोजायला निदान दोनशे मिलिग्रॅम पदार्थ आणा, तीन खड्यांवर कुणी डॉक्टर होत नाही. म्हणणं रास्तच होतं. पण खडा पुन्हा होईचना. तीच रसायनं, तेच वजन, तीच खिडकी. येतो तो गाळ. ताईने सगळे उपाय केले, अल्कोहोल बदललं, थंड करून पाहिलं, ईथरची वाफ सोडून पाहिली. हळूहळू पोरं तिच्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली करू लागली. ते तिला सगळ्यात जास्त लागायचं.

त्या आठवड्यात काचसामान धुणारं यंत्र बिघडलं. सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते, म्हणून कार्यालयाने मावशीला बोलावून घेतलं. मावशीने एकतीस वर्षं विभागातली काच धुतली होती. सहा वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी यंत्र आलं. आता ती पुन्हा कोपऱ्यातल्या मोठ्या सिंकपाशी उभी राहिली, तेच रबरी हातमोजे, तीच कुरकुर. "यंत्र म्हणे! माझे गुडघे गेले पण मी एक दिवस बंद पडले नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

ताईने मावशीने धुतलेल्या बाटलीत अठरावा प्रयोग लावला. आशेने नव्हे, सवयीने. पाचव्या दिवशी सकाळी बॅग खांद्यावरून उतरवतानाच तिला खिडकीत काहीतरी चमकलेलं दिसलं. तळाशी आठ-दहा गडद हिरवे खडे, धारदार कडांचे. ती स्टुलावर बसली आणि बाटलीला हात न लावता नुसती बघत राहिली.

"मावशीच्या हाताला गुण आहे!" शेजारच्या टेबलावरचा पोरगा ओरडला. याला सगळे दीडशहाणा म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. पोरं जमली, मावशीला हात धरून आणलं, टाळ्या झाल्या. मावशी लाजली, "चला, उगाच काहीतरी," म्हणाली, पण सिंककडे परत जाताना तिची मान जरा ताठ झाली होती.

हाताला गुण असतो हे ताई मान्य करायला तयार नव्हती. सात वर्षं एका गोष्टीपायी घालवल्यावर ती कुणाच्या हातावर सोडायची म्हणजे फारच झालं. ती सिंकपाशी गेली. "मावशी, आजच्या बाटल्या माझ्यासमोर धुवा ना. मला बघायचंय."

मावशीने एकदम तिच्याकडे पाहिलं. "काय बघायचंय त्यात? धुते तशी धुते."

पण धुतल्या. धुण्याच्या सोड्याने घासल्या, नळाखाली धरल्या. मग कॅन उचलून वरच्या मजल्यावर गेली, वाफ करून शुद्ध केलेलं ऊर्ध्वपातित पाणी भरून आणलं, आणि विभागाच्या नियमाप्रमाणे एकेक बाटली तीनदा विसळली. कॅन खाली ठेवताना तिने सिंकचा काठ घट्ट पकडला होता. ताईने त्या बाटल्यांत एकोणिसावा आणि विसावा प्रयोग लावला. चार दिवसांनी दोन्हींत पोपटी गाळ.

ताई त्या गाळाकडे बघत बसली, आणि मग अगदी हळूच तिच्या डोक्यात उजेड पडला. आपण बघत असताना मावशी काहीतरी वेगळं करते. म्हणजे आपण बघत नसताना काहीतरी राहतं. आणि राहतं ते बाटलीच्या आत राहतं. काय राहतं? सोडा. सोड्यात काय असतं? सोडियम.

तिने सहा वर्षांपूर्वीची फाईल उघडली. त्या मधल्या ठिपक्यापाशी आली. आता एक्स-रेची गंमत अशी, की त्याला अणूची नावं वाचता येत नाहीत, तो फक्त इलेक्ट्रॉन मोजतो. पाण्याच्या रेणूत इलेक्ट्रॉन दहा. सोडियमच्या आयनात इलेक्ट्रॉन दहा. दोघं शेजारी उभे केले तरी एक्स-रेला जुळे भाऊ वाटतील. फरक कळला असता तो अंतरांवरून. शेजारचे ऑक्सिजन या ठिपक्याच्या फार जवळ होते, पाण्याला शोभणार नाहीत इतके. आणि तिच्याच जुन्या वहीच्या समासात, तिच्याच अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'अंतर कमी?' प्रश्नचिन्ह घातलं होतं आणि विसरून गेली होती. तेव्हा खडा झाल्याचा आनंदच केवढा होता!

तिने ठिपक्याचं नाव बदलून सोडियम केलं आणि गणित पुन्हा चालवलं. आकडे झटक्यात सुधारले. गृहीत धरलेल्या हायड्रोजनची गरजच उरली नाही. सोडियमचा एक भार आला आणि हिशेब चोख बसला. जास्तीच्या ऑक्सिजनांनी मध्ये सोडियम धरला होता, म्हणून चार तांबी त्याच्याभोवती गोळा झाली होती. सोडियम नाही तर रिंगण नाही. इतकं साधं होतं. ताईला हसू यायला हवं होतं, पण तिने डोकं टेबलावर टेकवलं आणि बराच वेळ तशीच पडून राहिली.

जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाल्यावर ती सिंकपाशी गेली. मावशी स्टुलावर बसून गुडघे चोळत होती.

"मावशी, मी ओरडायला आलेले नाही. मला फक्त खरं सांगा. तुम्ही वरून पाणी आणून तीनदा विसळता, ते रोज?"

"मग? एकतीस वर्षं विसळतेय." मावशीचा आवाज चढला. "कुणी काय सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आधी माझं ऐका." ताईने दुसरं स्टूल ओढलं. "मी सहा वर्षांपूर्वी एक चूक केली. मध्ये काय आहे ते मला माहीत नव्हतं, तरी मी पाणी आहे असं लिहिलं. पटत नव्हतं, तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं, पण मी तपासलं नाही. मला ते पाणीच हवं होतं. ते छापून आलं. आजपर्यंत मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही पहिल्या."

मावशीने हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले, पुन्हा उचलले.

"पहिली दहा वर्षं आणत होते गं," ती शेवटी म्हणाली. "शपथेवर सांगते, रोज. मग एकदा जिन्यात पडले. डॉक्टर म्हणाले, जिना चढू नका. इथे सांगितलं असतं तर म्हणाले असते, झेपत नाही तर घरी बसा. पोरं लहान होती. नळाचं पाणीही स्वच्छच की, डोळ्यांना तर काही दिसत नाही. मग नळाखाली एकदा धरायची आणि ठेवून द्यायची. कुणी आलं की कॅन समोर असायचा." तिने डोळे पुसले. "एकवीस वर्षं. रोज घरी जाताना वाटायचं, उद्यापासून आणेन."

"त्या सोड्यामुळेच माझा खडा झाला, मावशी. तुम्ही नीट विसळलं असतं तर तो कधी झालाच नसता."

तिला वाटलं होतं, मावशीला बरं वाटेल. मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग कॉरिडॉरमधल्या काचेच्या कपाटाकडे, जिथे सगळे जुने प्रबंध उभे लावलेले होते.

"तुझा झाला," ती म्हणाली. "मग बाकीच्यांचे किती बिघडले गं माझ्यामुळे?"

खरंच, किती? कुणास ठाऊक कितीजणांनी वहीत 'गाळ' लिहिलं असेल, स्वतःला दोष दिला असेल, सोडून गेले असतील. किंवा कुणाचंच काही बिघडलं नसेल. हे आता कुणालाही कधी कळणार नव्हतं.

त्या दुपारी तिने यंत्राच्या काळातल्या, कपाटात उरलेल्या अगदी स्वच्छ बाटल्या काढल्या. अर्ध्यांत मोजून सोडियमचा क्षार घातला, अर्ध्या तशाच ठेवल्या. चार दिवसांनी ज्यांत क्षार होता त्यांत सगळीकडे खडे, बाकीच्यांत गाळ. शंकेला जागाच राहिली नाही.

"बघ, तुला युक्ती सापडली," दीडशहाणा म्हणाला. बातमी त्याने वहीवरूनच काढली होती. "आता दोनशे मिलिग्रॅम कर, चुंबकत्व मोज, प्रबंध टाक आणि मोकळी हो. मध्ये पाणी आहे की सोडियम, कोण बघायला येतंय? चुंबकत्व तांब्याचं, मधल्याचं नाही. पदवी घे आणि मग पुढच्या लेखात सावकाश दुरुस्ती कर. सगळे तेच करतात."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हीच तर पंचाईत. तेरा दिवस हातात होते. पदार्थ होणार होता. प्रबंध लिहून तयार होता, प्रत्येक पानावर पाणी. ताई इतकी दमली होती की मोकळी हो हे दोन शब्द ऐकूनच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस तिने तेच करायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं, समितीचा अर्जही भरला. पण अर्ज द्यायला जाताना कॉरिडॉरमध्ये मावशी दिसे, आणि ताईला पाहून मावशी मान खाली घाले. एकवीस वर्षांचं ओझं तिने माझ्यापुढे ठेवलं, का, तर मी माझं ठेवलं म्हणून. आणि आता मीच माझं उचलून परत पिशवीत भरतेय! ताईची स्वतःवरच चिडचिड झाली. बऱ्याच दिवसांनी तिला चिडता आलं.

तिने दोन पानांत सगळं लिहिलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

"पाणीच असणार, हे मीच म्हणालो होतो ना?"

"म्हणालात तुम्ही. टाकलं मी."

"लेख मागे घ्यावा लागेल. शीर्षक बदलेल. शीर्षक बदललं की नवी नोंदणी, म्हणजे दीड-दोन वर्षं कुठे गेली नाहीत. तुला माहितीये ना हे?"

"माहितीये."

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचीही निवृत्ती दीड वर्षावर आलेली, ते तिला त्या क्षणी आठवलं. "अकरा दिवस थांबून सांगता आलं नसतं का तुला?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्यांनी ती दोन पानं तिच्यापुढे धरली. "हे मी वाचलेलंच नाही असं समजू. घेऊन जा. परवा बोलू."

ताईने हात पुढे केला नाही. सरांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी पानं टेबलावर ठेवली आणि त्यांवर पेपरवेट ठेवला.

घरी आईने दार उघडलं. "झाला का गं खडा?"

"झाला."

आई मटकन खुर्चीत बसली. "संपलं मग एकदाचं!"

"नाही गं आई. आता नव्याने सुरू. अजून दोन वर्षं." आणि तिने सगळं सांगितलं, पाण्याचं, सोडियमचं, दहा-दहा इलेक्ट्रॉनांचं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हे तिच्या स्वभावात अजिबात बसणारं नव्हतं.

"शेजारणीला मी सांगून बसलेय, या महिन्यात संपतंय म्हणून," ती म्हणाली. "आता काय सांगू?"

"सांग, पाणी नव्हतं, सोडियम होतं."

"त्यापेक्षा तू आजारी आहेस असं सांगते," आई म्हणाली आणि उठून तिचं ताट वाढायला गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. ताईला आत जायचा धीर झाला नाही.

यंत्राचा भाग आला, बसवला, यंत्र घरघरायला लागलं. मावशीचा शेवटचा दिवस होता. ताई नोंदणीचा नवा अर्ज घेऊन कार्यालयातून परत येत होती, तेव्हा जिन्यात तिला मावशी दिसली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात भरलेला कॅन. एक पायरी उतरायची, दोन्ही पाय टेकवायची, थांबायची, मग दुसरी.

सिंकपाशी येऊन ताईने पाहिलं. कपाटं उघडी होती. विभागातली झाडून सगळी काच, वर्षानुवर्षं न वापरलेलीसुद्धा, ओट्यावर काढलेली होती. अर्धी विसळून पालथी घातली होती, अर्धी बाकी.

"मावशी, यंत्र चालू झालंय. ते धुवेल हे सगळं. ठेवा तो कॅन."

"यंत्राचं यंत्र बघेल," मावशी म्हणाली. तिला धाप लागली होती. तिने एक बाटली उचलली, पाणी घातलं, फिरवलं, ओतलं. एकदा. पुन्हा घातलं, फिरवलं, ओतलं. "माझं एकवीस वर्षांचं राहिलंय."

नवा अर्ज ताईने ओला होऊ नये म्हणून वरच्या फळीवर ठेवला, सिंकखालचा दुसरा रिकामा कॅन उचलला आणि जिना चढायला लागली.